पोरगी चीनमधून फोनवर काहून बोलत नाही?

पऱ्हाटीवाला, नेर (यवतमाळ)

माझी पोरगी चीनमध्ये डॉक्टरकी शिकून राहिली. तिसरं वर्ष आहे. साडेचार एकर कोरडवाहू अन् वरून बँकेचं कर्ज, त्याच्यावर पाठवली. दर रविवारी रात्री आठला व्हिडिओ कॉल येते. तिची आई जेवणाचं विचारते, मी अभ्यासाचं.

परवा वाचनालयात वुहानच्या त्या डॉक्टरबद्दल वाचलं, ज्यानं कोरोनाबद्दल आपल्या सोबत्यांले सावध केलं होतं अन् पोलिसांनी त्यालेच बोलावून घेतलं. मी कॉलवर पोरीले विचारलं, तिथले लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात? पोरगी एकदम गप. मग म्हणे, "बाबा, पाऊस पडला का तिकडं?" मी पुन्हा विचारलं. "बाबा, पाऊस पडला का?" अन् मग आईले फोन द्या म्हणाली.

नववीत असताना हीच पोट्टी ग्रामसभेत उभी राहून शाळेच्या नळाचं बोलली होती. सरपंच समोर बसले होते. ते आता बापाशी बोलायले भिते, याचं मले लय वाईट वाटून राहिलं. रात्रभर झोप नाही. तिथले 140 कोटी लोक मनातलं बोलतात तरी कुठं? राहून आलेल्या कोणी सांगा.

मूलचा डॉक्टर (चंद्रपूर)

काका, पोरीवर रागावू नका. तिनं बरोबर केलं.

मी 2013 ते 2019 तिथं होतो. व्हॉट्सअॅप बंद पडताना मी पाहिलंय. 2017 च्या जुलैत आधी फोटो-व्हिडिओ जाईनात, सप्टेंबरात साधे मेसेजही थांबले. आई मूलहून विचारायची, रिचार्ज संपला का रे? फेसबुक, ट्विटर 2009 पासूनच बंद होते, गूगलचा शोध 2010 मध्ये गेला. एप्रिल 2019 मध्ये विकिपीडियाच्या सगळ्या भाषा बंद झाल्या, म्हणजे आपली मराठीसुद्धा. या सगळ्याला ग्रेट फायरवॉल म्हणतात. पोरं व्हीपीएन, म्हणजे बंदीला वळसा घालून बाहेरच्या इंटरनेटवर नेणारं अॅप, लावून बाहेर पडतात. तुमचा रविवारचा कॉल बहुतेक त्यातूनच येतो, आणि परवानगी नसलेलं व्हीपीएन तिथं बेकायदा आहे.

पण भिंतीपेक्षा आतली राखण जास्त कडक. वीचॅट (तिथलं व्हॉट्सअॅप) असो की वेइबो (तिथलं ट्विटर), लोकांनी काय लिहिलं याचा जाब कंपनीला द्यावा लागतो. म्हणून कंपनीच शब्द गाळते, पोस्ट उडवते, खातं बंद करते. खातं खऱ्या नावाच्या मोबाइल नंबरला बांधलेलं असतं. कोणता शब्द चालत नाही याची यादी कोणी देत नाही, त्यामुळे माणूस आपणच चार पावलं अलीकडे थांबतो. माझा एक चिनी मित्र जेवताना मनातलं सगळं बोलायचा, पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवून यायचा.

तरी लोक वाट काढतात. 4 जून 1989 ला बीजिंगमध्ये तिआनमेन चौकातलं आंदोलन सैन्यानं चिरडलं. ती तारीख लिहिता येत नाही म्हणून लोक "35 मे" लिहू लागले, म्हणजे 31 मेनंतरचा चौथा दिवस. मग तेही गाळलं गेलं.

गुरुजी, दर्यापूर

माझं मत वेगळं आहे. 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे आले या अफवेवरून पाच जणांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती. अशा अफवा तेव्हा मोबाइलवरूनच फिरत होत्या. याला कोणीतरी आवर घालायला नको का?

मूलचा डॉक्टर (चंद्रपूर)

गुरुजी, राईनपाडा मीही विसरलो नाही. पण काकांनी ज्यांचं विचारलं त्या ली वेनलियांग यांच्यावर ठपका अफवेचाच होता. 30 डिसेंबर 2019 ला त्यांनी डॉक्टरकीच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर सांगितलं, सार्ससारखे (फुफ्फुसाचा जीवघेणा साथरोग) रुग्ण आलेत, जपा. 3 जानेवारीला पोलिसांनी बोलावून कागदावर सही घेतली. कागदावर विचारलं होतं, असं वागणं थांबवणं जमेल का? त्यांनी लिहिलं, जमेल. समजलं का? लिहिलं, समजलं. 7 फेब्रुवारीला ते त्याच आजारानं गेले. त्या रात्री लोकांनी वेइबोवर लिहिलं, "नाही जमत, नाही समजलं." मार्चमध्ये पोलिसांनी तो कागद रद्द केला, घरच्यांची माफी मागितली. पण माणूस गेला होता, आणि रोग जगभर पसरला होता.

ली ज्या इस्पितळात होते त्याच्याच तातडीच्या विभागाच्या प्रमुख आय फेन यांची मुलाखत मार्च 2020 मध्ये एका मासिकात आली आणि काही तासांत इंटरनेटवरून काढली गेली. लोकांनी ती उलट्या क्रमानं लिहून, इमोजीत, मोर्सच्या टिंब-रेघांत, ब्रेलमध्ये फिरवली. एक मुलाखत जिवंत ठेवायला एवढी मेहनत! 2013 पासून तिथं नियम आहे, बदनामी करणारी खोटी माहिती 500 वेळा पुढे गेली किंवा 5000 वेळा पाहिली गेली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खोटं काय, हे ठरवणार कोण? वुहानमध्ये पोलिसांनी ठरवलं होतं.

काका, ली यांच्या शेवटच्या पोस्टखाली लोकांनी लाखो ओळी लिहिल्या. सरकारबद्दल फारसं नाही. "डॉक्टर, आज इकडे पाऊस आहे." "परीक्षेत पास झालो." "आज हे जेवलो." लोक त्यांना रोजचं सांगत राहिले.

पऱ्हाटीवाला, नेर (यवतमाळ)

डॉक्टरसाहेब, तुमची शेवटची ओळ वाचून मी बाहेर जाऊन बसलो. पोरगी मले पाऊसच विचारून राहिली होती. राग अजून आहे, पण पोरीवर नाही.

गुरुजी, राईनपाड्याचं तुम्ही खरं बोलले. पण आमच्या ग्रुपवर अशी अफवा आली होती तवा आशाताईनं तिथंच लिहून खोडून काढली. तिले लिहिता आलं म्हणून जमलं.

काल रविवार होता. मीच आधी सांगितलं, मृगाचा पाऊस झाला, पऱ्हाटी टोबली, गोऱ्ह्यानं कुंपण तोडलं. पोरगी पाऊण तास बोलली. जुलैत सुट्टीवर येते. आमच्या वावरात मोबाइलले रेंज नाही. तिथं बसून विचारीन.