पुन: पुन: शनिवारची ट्रेल रिज सहल, कुत्र्यांचं काय?

सहल समिती
मंडळी, शनिवारच्या मंडळाच्या सहलीला, म्हणजे इथल्या कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कातल्या ट्रेल रिज या डोंगररस्त्याला, ९ गाड्या आणि ४ कुत्री नक्की झाली. पार्कचं परमिट मात्र ५ गाड्यांचंच मिळालंय, आणि ते गाडीमागे असतं, माणसामागे नाही. तेव्हा बाकीच्यांनी तीन आणि कुत्रेवाल्यांनी कृपया दोन गाड्यांत दाटीवाटीने यावं. वर पोचल्यावर कुत्री काचा थोड्या उघड्या ठेवून गाडीत बसतील.

मोत्याची आई
चेरी क्रीकच्या पिकनिकला मोत्या आणि शेरूची कशी जुंपली होती, ते समितीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. एका गाडीत? आणि कुत्र्याला गाडीत कोंडून जायचं नसतं हो. २०१७ पासून इथे कायदाच आहे. जनावर गुदमरत असेल आणि मालक सापडत नसेल, तर पोलिसांना कळवून कुणीही काच फोडू शकतो, भरपाई मागता येत नाही.

शिवाय पार्कात कुत्र्याला ट्रेलवर जाता येत नाही, वरच्या बिनझाडांच्या टुंड्रावर तर नाहीच. रस्ता, पार्किंग, कॅम्पग्राउंड, पिकनिकची टेबलं, बस्स. तेही सहा फुटी पट्ट्यावर. १२,१८३ फुटांवर नेऊन मोत्याला डांबर दाखवायचं का?

लिटलटनचे काका
परमिट हवंच कशाला? बेअर लेकच्या रस्त्याला जायचं नसेल तर सकाळी ९ च्या आत किंवा दुपारी २ नंतर गेट ओलांडा. साडेसहाला निघालं की झालं.

सहल समिती
काका, कोजागिरीचं साडेआठचं दूध आपण सव्वाअकराला प्यायलो.

शेरूचे बाबा
चेरी क्रीकला सुरुवात शेरूने केली नव्हती. एवढंच.

फोर्ट कॉलिन्सकर
दोननंतर अजिबात नको. जुलैत दुपारी वर वीज कडकडते आणि आडोशाला झाडसुद्धा नसतं. एकदा फॉरेस्ट कॅन्यनच्या थांब्यावर गारांनी गाठलं, तर आमची राणी सीटखाली शिरली ती थेट खाली एस्टेस पार्क गावात चकली दाखवल्यावर बाहेर.

मोत्याची आई
चकली?? तिखट-मिठाची?

शेरूचे बाबा
मी म्हणतो, ग्वानेला पास या घाटाला चला. जॉर्जटाउनहून पक्का रस्ता, ११,६७० फूट, जमीन वनखात्याची. परमिट नाही, पट्ट्यावर कुत्रं ट्रेलवरही चालतं. शेरू पग आहे, उंचीवर त्याला धाप लागते, पण तिथे अर्धा तास रमतगमत फिरवून खाली आणता येईल. ट्रेल रिजवर आम्ही पाळीपाळीने पार्किंगमध्ये पट्टे धरून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी फोटो काढायचे, हे काही पटत नाही.

सहल समिती
ट्रेल रिज कार्यकारिणीच्या बैठकीत ठरलेली आहे. बदल हवा होता तर तेव्हा यायचं होतं.

फोर्ट कॉलिन्सकर
ग्वानेलाला बिअरस्टॅट शिखर चढणारे पहाटेच पार्किंग भरून टाकतात. आणि मूस, ते भलंमोठं हरीण! त्याला कुत्रं म्हणजे लांडगाच वाटतो, सरळ अंगावर येतो. राणी भुंकली तर ती पळत माझ्याकडेच येणार, मागे मूस.

अरोरातल्या वहिनी
विषय निघालाच आहे तर सांगते, शिऱ्यात बेदाणे आणि भज्यांत कांदा असेल तर डबे कुत्र्यांपासून लांब ठेवा. दोन्ही त्यांना विषारी.

शिऱ्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्या
शिरा मी माणसांसाठी करते.

लिटलटनचे काका
बिनबेदाण्याचा वेगळा काढा थोडा, मलाही आवडत नाहीत.

सहल समिती
शेवटचं. परमिटवाल्या ५ गाड्या आपापल्या वेळेला ट्रेल रिजला. उरलेल्या ४, कुत्र्यांसकट, ग्वानेलाला. त्यांची व्यवस्था शेरूच्या बाबांनी बघावी. थालीपिठं दोन्हीकडे वाटून जातील.

शेरूचे बाबा
चालेल. पण मोठा आइसबॉक्स आमच्याकडे. कुत्र्यांचं पाणी आहे त्यात.

सहल समिती
आइसबॉक्स मंडळाचा आहे.