शार्प ऑब्जेक्ट्स: आधी पुस्तक की सिरीज?

रात्रपाळी: गिलियन फ्लिनचं हे 2006 चं पुस्तक अर्धं झालंय, रिपोर्टर बाई खुनाच्या बातमीसाठी आपल्याच छोट्या गावात परत येते आणि तिची आई असं काही वागते की मलाच गुदमरायला लागलं, आता सरळ 2018 ची सिरीज बघून टाकू का?

पुस्तककिडा: अजिबात नको! पुस्तकात सगळं त्या रिपोर्टर कॅमिलच्याच डोक्यातून दिसतं, खरी मजा तीच.

उगाचच: सिरीजपण भारीये हां, 8च भाग आहेत. कॅमिलच्या धाकट्या बहिणीचं बाहुलीघर नीट बघ, हुबेहूब त्यांच्याच घरासारखं. आणि शेवटी नावं सुरू झाली की लगेच बंद करू नकोस.

रात्रपाळी: झालं, आता कसली झोप लागतेय!

पुस्तककिडा: गप वाच. आणि पुढचं कोणी फोडू नका रे.