भाऊबीजेला २२ माणसं आणि एकच ओटीजी, बेक करून काय काय ठेवता येईल?

तिखटमीठ:
मंडळी, यंदा भाऊबीज आमच्याकडे आहे. दोन नणंदा, त्यांचे नवरे, भाचरं, चुलत दीर-जावा असं सगळं धरून २२ डोकी होतायत. मसालेभात, पुऱ्या, मटार-पनीर आणि श्रीखंड बाहेरून सांगितलंय कारण फराळ करून करूनच तोवर कंबर मोडलेली असते. पण दोन-तीन गोष्टी तरी घरच्या हव्यात असं साबांचं (सासूबाईंचं) म्हणणं आहे आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतंय.

तळण मात्र करायचं नाहीये. मागच्या वर्षी जाऊबाईंकडे मी साडेबारापासून दोनपर्यंत कढईसमोर उभी राहून कोथिंबीरवड्या तळत होते, तोवर बाहेर ओवाळून झालं, फोटोही काढून झाले आणि त्या एकाही फोटोत मी नाही.

घरात २८ लिटरचा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे, त्यात आजवर केक आणि दोनदा पिझ्झा एवढंच केलंय. अटी अशा की तयारी आदल्या रात्री करून ठेवता यायला हवी, पोरं खातील इतपत कमी तिखट हवं, आणि साबा चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं खात नाहीत (बाकी सगळे सगळं खातात). सुचवा पटापट.

काकूबाई:
बेक्ड व्हेज कर गं, दुसरं काही शोधूच नकोस. आमच्या पिढीत कुणाच्या घरी नवीन ओव्हन आला की पहिलं हेच व्हायचं, आणि कितीही नावं ठेवली तरी काचेचं भांडं चाटूनपुसून रिकामं होतं. कांदा-लसूण लागत नाही त्यामुळे तुझ्या साबापण खातील.

२२ जणांना बाकी एवढं जेवण असताना साधारण सव्वा किलो भाज्या आणि एक लिटर दुधाचा व्हाइट सॉस पुरे. फरसबी, गाजर, फ्लॉवर, मटार, थोडं मक्याचं दाणं. भाज्या मिठाच्या पाण्यात अर्ध्याकच्च्या उकड आणि मग चाळणीत घालून पसरून पूर्ण निथळू दे, पंख्याखाली ठेवल्यास तरी चालेल. बहुतेकींचं इथंच बिघडतं. भाज्यांत पाणी राहिलं की ते सॉसमध्ये उतरतं आणि बेक झाल्यावर खाली दुधाळ तळं साचतं, वरती चीज तरंगत असतं.

सॉसचं माप, अर्ध्या लिटरला चार मोठे चमचे बटर आणि चार सपाट चमचे मैदा, म्हणजे तुला दोन्ही आठ-आठ. बटर वितळलं की मैदा मंद आचेवर दोनेक मिनिटं भाज, रंग बदलू द्यायचा नाही, फक्त कच्चा वास गेला पाहिजे आणि तो बुडबुडे येऊन ओल्या वाळूसारखा दिसायला लागला पाहिजे. मग दूध थोडं थोडं. पहिला अर्धा कप घातलास की त्याचा एकदम घट्ट गोळा होईल, घाबरायचं नाही, तो घोटून गुळगुळीत केल्याशिवाय पुढचं दूध घालायचं नाही एवढंच. गुठळ्या झाल्याच तर गाळणीतून गाळ, कुणाला कळत नाही, मी वर्षानुवर्षं गाळलंय. मीठ, मिरपूड, चिमूटभर जायफळ. डावाच्या पाठीवर बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली की गॅस बंद. गार झाल्यावर आणखी आळतो म्हणून जरा सैलच ठेव.

आणि अननसाचे तुकडे घाल. कुणी काही म्हणो.

गॅसबत्ती:
अननस??? काकू बाकी सगळ्याला अनुमोदन पण अननस नको हो प्लीज, माझ्या एका मावशीकडे दर वाढदिवसाला हे असायचं आणि मी मटार समजून डोळे मिटून गिळायचे.

तिखटमीठ, पदार्थ इथे ढीगभर मिळतील, मी ओटीजीबद्दल सांगते कारण माझी फजिती झालेली आहे. आदल्या रात्री भरून फ्रीजमध्ये ठेवलेलं काचेचं भांडं मी सकाळी थेट २०० डिग्रीच्या ओटीजीत सरकवलं. पाचव्या मिनिटाला आतून टण्ण आवाज. भांड्याचे दोन तुकडे, सॉस खालच्या रॉडवर, सगळं घर जळक्या दुधाच्या वासाने भरलं आणि सोसायटीतले दोघंजण विचारायला आले. काच एकदम गारातून गरमात गेली की तडकते, ओव्हनप्रूफ लिहिलेलं असलं तरी. तासभर आधी बाहेर काढून ठेव, नाहीतर सरळ अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे आण, केकचं सामान मिळतं तिथे असतात, धुवायची कटकट पण नाही.

दुसरं म्हणजे २८ लिटरमध्ये वरखाली दोन भांडी एकदम ठेवायचा मोह होतो, तो टाळ. वरच्या भांड्याला खालची धग लागत नाही आणि खालच्याला वरची, दोन्ही निम्मी राहतात. एकामागून एक कर. जे गार झालेलं चालतं ते सकाळी, जे गरमच हवं ते पानं घ्यायच्या अर्धा तास आधी.

आणि ओटीजी १५ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लाव. माझा १६०० वॅटचा आहे, त्याच लाइनवर मायक्रोवेव्ह चालू केला की बटण पडतं. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको.

खानदेशी_ठसका:
बेक करायचंच तर भरीत करा ना. ओटीजीची खरी किंमत तिथे कळते, आठ वांगी एकदम भाजून होतात, गॅसवर एकेक फिरवत बसा कशाला. आमच्या जळगावकडची हिरवी पांढुरकी मोठी वांगी मिळाली तर बघायलाच नको, बामणोदची असतील तर नशीबच. टोचे मारून, तेलाचा हात लावून २२० वर ४०-४५ मिनिटं, मधे एकदा उलटायची. टोचे विसरू नका, वांगं फुटतं. मग ठेचलेली हिरवी मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून कच्चं तेल नाही तर फोडणी. धुराचा वास ओटीजीत येत नाही हे मान्य, आमच्याकडे काड्यांवर भाजतात त्याची सर नाही. वाटीत कोळसा ठेवून धुंगार द्या, थोडीफार भरपाई होते.

तिखटमीठ:
दादा, भाऊबीज चातुर्मासात येते हो! वांगं आणि लसूण दोन्ही. साबा ताटावरून उठून जातील :)

खानदेशी_ठसका:
अरे हो की, अटी वाचल्याच नाहीत. मग चंपाषष्ठीला करा, तेव्हा वांग्याची सुटका होते. बाजरीचे रोडगे आणि भरीत. बोलवा आम्हाला.

डावीबाजू:
आयडी माझा तसाच आहे म्हणून बोलते. मुळात आपल्या ताटात साइड डिश म्हणजे डावी बाजू, मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर, चव बदलायला चिमूट-चमचा. श्रीखंड-पुरी-पनीर आहेच, त्यात आणखी चीज-मैद्याचा डोंगर कशाला? एकच असू दे तसलं काहीतरी. बाकीचं हलकं घे.

रताळी बघ. धुऊन, सालासकट बोटभर जाडीच्या चकत्या, तूप-मीठ-जिरेपूड चोळून २०० वर अर्धा-पाऊण तास, मधे एकदा उलटून. कडा चिकट तपकिरी झाल्या पाहिजेत, ती साखर सुटलेली असते, तीच चव. वर लिंबू आणि दाण्याचं भरड कूट. दोन किलो घेतलीस तरी संपतील, फक्त ट्रेमध्ये एकावर एक रचायची नाहीत नाहीतर भाजण्याऐवजी वाफवली जातात, म्हणजे दोन घाणे धर.

आणि अळूवडी. उंडे आदल्या रात्री वाफवून फ्रीजमध्ये टाक, सकाळी कापून (गार असतानाच नीट कापले जातात), दोन्ही बाजूंनी ब्रशने तेल लावून वर तीळ, २०० वर एका बाजूने बारा मिनिटं, उलटून दहा. तळल्यासारखी लागते असं मी म्हणणार नाही, खोटं बोलायचं नाही दिवाळीत. कडेला कुरकुरीत, मधे मऊ आणि हात तेलकट होत नाहीत. तेलात कंजूसी केलीस तर मात्र पुठ्ठा होईल.

जर्सीतलीजाई:
अळूवडी बेक मीही करते, इथे हिवाळ्यात घर बंद करून तळलं की वास महिनाभर कोटांना येतो.

माझा मुद्दा वेगळा आहे. इकडे अमेरिकेत थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार, म्हणजे दिवाळी आटोपून आपण सगळे जरा रिकामे असतो) आमच्या मराठी गँगचं पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा असं जेवण) असतं आणि इथली जी ग्रीन बीन कॅसरोल आहे ती मी फरसबीची म्हणून नेते. मूळ कृती १९५५ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या किचनमध्ये डॉर्कस रायली नावाच्या बाईंनी बसवली, घरात असतंच अशा सामानातून काहीतरी व्हावं म्हणून. फरसबी, मश्रूमच्या सूपचा डबा, दूध, सोया सॉस, मिरपूड आणि वर तळलेला कांदा. बस. इथल्या कुठल्याही आजीला विचारा, तिच्या टेबलावर ती असते.

तुझ्याकडे डब्यातलं सूप नको, काकूंचाच व्हाइट सॉस घे, त्यात परतलेले मश्रूम आणि वर बिर्याणीसाठी मिळतो तो तळलेला कांदा. कांदा शेवटच्या पाच मिनिटांतच पसरायचा, आधी घातला की काळा पडतो. आता कांदा साबांना चालत नाही, तर त्यांच्यासाठी एका वाटीत वेगळं, वर कांद्याऐवजी तुपात परतलेला ब्रेडचा चुरा. एकाच सॉसमधून दोन पदार्थ निघतात हा फायदा.

तवसं:
कोकणातून हजेरी. धोंडस कुणी कसं नाही सुचवलं? हे तर आपलं मूळचंच बेक्ड, ओव्हन नव्हते तेव्हा आजी पातेल्याखाली निखारे आणि वर झाकणावरही निखारे ठेवून करायची. काकडीचा गोड केक म्हणा हवं तर, पण जेवणात बाजूला एक वडी आणि वर लोण्याचा गोळा.

किसलेली काकडी दोन वाट्या (बिया काढून), तांदळाचा रवा एक वाटी तुपावर खमंग भाजलेला, गूळ एक वाटी, ओलं खोबरं अर्धी वाटी, वेलची, चवीला मीठ. काकडीच्या पाण्यातच गूळ विरघळवून रवा शिजवून घ्यायचा, पाणी कमी पडलं तर थोडं नारळाचं दूध. गोळा झाला की तूप लावलेल्या भांड्यात थापून १८० वर पाऊण तास, वरून तांबूस होईपर्यंत. एवढ्यात दहा-बारा वड्या होतात, तुला दुप्पट. गणपतीत मोठी पिकलेली तवशी मिळतात ती उत्तम, आता नसतील तर साधी काकडी, फक्त कडू नाही ना ते आधी चाखून बघ, मी एकदा न चाखता केलं होतं, अख्खं भांडं गेलं. दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतं, म्हणजे आदल्या दिवशी करून मोकळी हो.

काकूबाई:
धोंडस! कित्येक वर्षांत खाल्लं नाही. यावरून आठवलं, लहानपणी दिवाळीच्या आधी मैदा-तूप-साखर डब्यात घेऊन आम्ही बेकरीत जायचो, तो नानकटाई करून भट्टीत भाजून द्यायचा. आपला डबा आपल्याच हातात परत येईपर्यंत आईचा जीव वरखाली, शेजारणीच्या डालड्याच्या नानकटाया आपल्यात येतील म्हणून.

तिखटमीठ:
सगळ्यांना थँक्यू, ठरलं. बेक्ड व्हेज, अळूवडी, धोंडस. रताळी पुढच्या उपासाला. कॅसरोल खूप आवडली पण मश्रूम म्हटल्यावर मोठ्या नणंदेचं तोंड मला आत्ताच दिसलं.

तिखटमीठ:
अपडेट द्यायला आले, काल झालं सगळं.

धोंडस आदल्या दिवशी केलं, साबांनी एक वडी खाल्ली, काही बोलल्या नाहीत, मग रात्री स्वयंपाकघरात डब्याचा आवाज आला. बेक्ड व्हेजचे दोन ट्रे केले, एक अननसाचा आणि एक बिनअननसाचा. काकू, तुम्ही जिंकलात, अननसाचा आधी संपला, पोरांनी संपवला. सॉस मी गाळला.

अळूवड्या ६० होत्या त्यातली एकही पानात वाढली गेली नाही, कारण ट्रे बाहेर काढला तेव्हा दोन्ही नंदोई ओट्याशीच उभे होते.

लाइट एकदा गेली, साडेबाराला, पण ओटीजीमुळे नाही, धाकट्या नणंदेने आतल्या खोलीत हेअर ड्रायर लावला तेव्हा गीझर आणि ओटीजी दोन्ही चालू होते. मेन स्विच वर करायला नवरा स्टुलावर चढला होता, नेमका तोच फोटो सगळ्यात छान आलाय. मी शेजारी स्टूल धरून उभी आहे.

आता अर्धा लिटर व्हाइट सॉस उरलाय, फ्रीजमध्ये दगड झालाय. त्याचं काय करू?

गॅसबत्ती:
थोडं दूध घालून मंद आचेवर हलव, येतो पूर्ववत. मग मॅकरोनी, नाहीतर उकडलेला मका घालून टोस्टवर पसरून वर चीज. दोन-तीन दिवसांत संपव मात्र. आणि अननस उरला असेल तर तो तसाच खा, त्यात घालू नकोस.