बाहुल्यांचे कपडे आणि घरातल्या चिंध्या : जळगावच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून

बी-१०३ काकू : भुलाबाई बसायच्या आत पोरींना बाहुल्यांच्या साड्या, पर्स, चपला शिवायला शिकवायचं ठरलंय ना? मी उद्या फुले मार्केटला चाललेय. सगळ्यांसाठी नवं सॅटिन घेऊन येऊ का? वर्गणी नंतर काढू.

सी-३०२ ताई : काकू, सॅटिन नका आणू. फक्त पैशाचा प्रश्न नाही. कापलेल्या कडेने ते इतके दोरे सोडतं की लहान हातांना आवरत नाही. आणि नवं कापड बहुतेकदा खळीमुळे ताठ असतं. बाहुलीच्या अंगावर ते पडत नाही, उभं राहतं. आणायचंच असेल तर अगदी बारीक टिच बटणं आणि १० नंबरच्या सुया आणा. बाकी सगळं घरातून निघेल.

ए-१०४ आजी : पैसा काय झाडले लागतस का व माय! मनाकडे जुनं फाटेल लुगडं शे. ली जा.

सी-३०२ ताई : आजी, तुमचं लुगडं मला आधी हवं! का ते सविस्तर सांगते.

पोरींकडे बहुतेक बार्बीच्या मापाच्या बाहुल्या आहेत, म्हणजे साडेअकरा इंच उंचीच्या. हे माप माणसाच्या साधारण एक षष्ठांश धरतात. आपली साडेपाच मीटरची साडी सहाने भागली की ९२ सेंटिमीटर होते. पन्हा ४५ इंच असेल तर बाहुलीच्या साडीचा साडेसात इंच. इथपर्यंत हिशोब सोपा.

पण लांबी-रुंदी भागता येते, कापडाची जाडी भागता येत नाही. आपल्यासारख्या सहा-सात निऱ्या घातल्या की बाहुलीच्या कमरेशी गाठोडं होतं आणि पुढून साडी फुगते. म्हणून निऱ्या तीनच घ्यायच्या, आधी इस्त्री करायच्या आणि कमरेशी टाके घालून पक्क्या करायच्या. कापड घ्यायचं ते धुऊन धुऊन विरलेलं. लुगडं, मलमलची ओढणी, धोतर, यातलं काहीही. असा पदर खांद्यावरून सरळ खाली उतरतो, हाताने दाबून बसवावा लागत नाही. खऱ्या साडीचा काठ मात्र लावू नका, फार रुंद दिसतो. मिठाईच्या डब्यावरची जरीची फीत किंवा जुन्या ब्लाउजच्या बाहीची बारीक लेस अगदी मापात बसते.

म्हणून म्हणते, जुनं कापड आपण काटकसर म्हणून घेत नाही. या कामाला तेच चांगलं.

डी-२०१ वहिनी : माझी लहानी पहिलीत आहे. तिला साडी जमायची नाही. तिच्यासाठी काही?

सी-३०२ ताई : शाळेचा जुना मोजा द्या. त्याची घोट्यावरची नळी म्हणजे तयार फ्रॉक. इलॅस्टिकचा भाग छातीशी ठेवायचा, दोन बाजूंना हातापुरत्या चिरा द्यायच्या. खालच्या कडेला सैल धावदोरा हवाच, नाहीतर मोज्याचे फासे सुटत जातात. दोरा ओढून घट्ट केला तर फ्रॉक घालताना तो तुटतो, म्हणून सैल.

बी-१०३ काकू : बांधणीचा लाल तुकडा आहे माझ्याकडे. बेत बदलला, सॅटिन रद्द 🙂

सी-३०२ ताई : लाल, काळा, गडद निळा, या रंगांना जपा काकू. ते बाहुलीच्या अंगात उतरतात आणि तो डाग साबणाने जात नाही. ओल्या पांढऱ्या रुमालाने तुकडा घासून पाहा. रुमालाला रंग लागला तर आधी दोन-तीनदा धुवा, तरीही लागला तर आत पांढरं अस्तर लावा.

सेक्रेटरी काका : मोडकी छत्री चालेल का? बायकोने फेकायला काढलीये.

सी-३०२ ताई : चालेल काय, पळेल! आतून लेप असलेलं छत्रीचं कापड दोरे कमी सोडतं. दोन इंची दप्तर आणि टोपीवाला रेनकोट त्याचाच करू. बिघडलेल्या चार्जरची वायरही टाकू नका. तिच्यातली तांब्याची बारीक तार गळ्यातल्याला लागेल, मणी आपल्या तुटलेल्या पोतीतले.

डी-२०१ वहिनी : आणि चपला?

सी-३०२ ताई : जुना माऊसपॅड असेल कोणाकडे तर द्या. हवाई चप्पल कापली तर तळवा फार जाड होतो. पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवायचं, कापायचं, नाडीचा तुकडा पट्टा म्हणून शिवायचा. पण पुष्कळ बार्बींची टाच वर उचललेली असते, सपाट चप्पल निसटते. तिथे टाचेखाली खोडरबराचा तिरपा तुकडा चिकटवायचा. मला स्वतःला यातलं हेच काम सगळ्यात आवडतं.

जुन्या सँडलचं वेल्क्रो मात्र कोणी काढून आणू नका. त्याची खरखरीत बाजू बाहुलीच्या केसांत अडकते आणि केस उपटून येतात. त्यापेक्षा टिच बटण.

बी-१०३ काकू : ओढणीच्या कडा मी अगरबत्तीने भाजून देते. एकदम साफ बसतात.

सी-३०२ ताई : सिंथेटिक असेल तरच. सुती कापड वितळत नाही, जळतं. हे काम आपण मोठ्यांनीच करायचं. आणि घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर मणी-बटणं लावूच नका, तोंडात जातात. त्यांच्यासाठी फक्त कापडाचं.

एफ-४०२ : ताई, माझ्या मुलीकडे बार्बी नाही. तिने काय करायचं?

ए-१०४ आजी : तिले मनाकडे धाड. चिंध्यानी बाहुली मी करी दिसू.

सी-३०२ ताई : आजींकडेच पाठवा. चिंध्यांच्या बाहुलीला षष्ठांशाचा हिशोबही नको, तिचे कपडे तिच्या अंगावर धरूनच कापायचे. आजी, भरायला जुन्या उशीतला कापूस आणते. डोळे-नाक स्केचपेनने नको, दोऱ्याने काढू, म्हणजे बाहुली धुता येईल.

रविवारी चारला, पार्किंगमधल्या ओट्यावर. येताना तुकडे धुऊन, इस्त्री करून आणा.