शब्दचर्चा : बाजारबुणगे

प्रश्न : वारसा सप्ताहात आम्ही गावच्या गढीसमोर पेशवेकाळातली मराठा छावणी उभी करतो. यंदाच्या भूमिकांच्या यादीत शिलेदार, बारगीर, गारदी आणि सगळ्यांत खाली ‘बाजारबुणगे’ असं लिहिलंय. त्या गटातल्या काही जणांना हे फार लागलं. शब्द काढावा का? शिवाय शिलेदार आणि बारगीर यांत नेमका फरक काय?

उत्तर : शिलेदार स्वतःचा घोडा नि हत्यारं घेऊन चाकरीला येई, बारगिराला दोन्ही सरकारातून मिळत. गारदी म्हणजे कवायती पायदळ. तेव्हा त्यांच्या हाती दांडपट्टा देऊ नका, चकमकीची बंदूक द्या.

आता बुणगे. लष्करामागून चालणारं सामानसुमान नि बिनलढाऊ माणसं, एवढाच याचा मूळ अर्थ. बाजार म्हणजे छावणीतला बाजार. वाणी, सराफ, नालबंद, पखालीतून पाणी वाहणारे पखालजी, बैलांच्या तांड्यावर धान्य आणणारे वंजारी, सगळे यात आले. यांच्यावाचून फौज चार मजलासुद्धा जात नसे. पानिपतावर हेच दिसलं. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुऱ्याचा किल्ला घेतल्यावर धान्य हाती आलं होतं. पण अब्दाली यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर बसला आणि रसद तुटली. डिसेंबरात दोआबातून, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखातून, रसद पाठवणारे मराठा सरदार गोविंदपंत बुंदेले मारले गेले, तेव्हा तिकडची आशाही संपली. १४ जानेवारी १७६१ ला फौज उपाशीपोटी लढली. हे सांगायचं तर छावणीत बाजार दाखवायलाच हवा.

आणखी एक मत : दादा, अर्थ पटला. पण आज आपण ‘बाजारबुणगे’ कुचकामी गर्दीला म्हणतो. प्रेक्षक फलक वाचून तोच अर्थ घेणार.

उत्तर : म्हणून ताई, फलकावर कामाचं नाव मोठं लिहावं : नालबंद, पखालजी, वंजारी. ‘बुणगे’ हा शब्द मात्र माहिती सांगणाऱ्याच्या तोंडी राहू द्या, मूळ अर्थासकट. तो पुसला तर या माणसांची आठवणही पुसट होईल. अजून एक सुचवतो. पानिपतावर फौजेबरोबर बायका आणि यात्रेकरूही मोठ्या संख्येनं होते. अशा कार्यक्रमांत बायकांना नऊवारी नेसून ओवाळण्यापलीकडे काम दिलं जात नाही, त्याचं मला वाईट वाटतं. त्यांना या बाजारात जागा द्या. आणि यादीत हा गट शिलेदारांच्या शेजारी लिहा, खाली नको.