पत्र्याच्या गोदामात बारकोड लेबले काळी पडतात – मदत हवी आहे

नमस्कार. अमळनेर येथे आमचे ठिबकच्या सुट्या भागांचे दुकान असून बहुतेक माल मागच्या पत्र्याच्या गोदामात असतो. १६ मिमी आणि २० मिमीचे ग्रोमेट, जॉइनर दिसायला इतके सारखे असतात की मृगबागेच्या (जूनच्या सुमारास लावल्या जाणाऱ्या केळीच्या) लागवडीच्या गर्दीत कामावरची मुले हमखास चुकीची पिशवी काढून देतात आणि वर्षअखेरीस वहीतली शिल्लक व मांडणीवरचा माल यांचा मेळ बसत नाही. म्हणून गेल्या दिवाळीनंतर आम्ही प्रत्येक पिशवीवर बारकोड लावण्यास सुरुवात केली.

स्वस्त पडतो म्हणून मी रिबन (शाईची फीत) न लागणारा थर्मल प्रिंटर घेतला. त्याचा कागद मुळात उष्णतेनेच काळा होतो, हे खानदेशात राहून माझ्या लक्षात यायला हवे होते. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर गेला, तेव्हा पत्र्याला लागून असलेल्या वरच्या फळीवरची लेबले करडी पडली आणि काळ्या रेषा व मोकळी जागा यांतला फरकच न उरल्यामुळे स्कॅनर ती वाचेनासा झाला. खालच्या फळीवरची मात्र अजून चालतात. आता रिबनचा प्रिंटर घ्यायचे ठरले आहे. परंतु साध्या कागदावर वॅक्स (मेणाच्या शाईची) रिबन पुरेल, की पॉलिस्टर (प्लास्टिकचे) लेबल व रेझिन (राळेच्या शाईची) रिबन यांचा खर्च करावाच लागेल?

गोल पाइपांवर लेबल वाकल्यामुळे ते वाचले जात नसे, ती अडचण मात्र सुटली आहे. लेबल आडवे फिरवून, स्कॅनरचा लाल किरण पाइपच्या लांबीच्या दिशेने जाईल असे चिकटवले की ते लगेच वाचले जाते.

खरा गुंता वेगळाच आहे. कंपनीच्या खोक्यावर ८९० ने सुरू होणारा १३ अंकी क्रमांक छापलेला असतो, तर सुट्या पिशव्यांना मी कोड १२८ (बारकोडचा एक प्रकार) पद्धतीचे आमचे स्वतःचे क्रमांक दिले आहेत. शंभर नगांचे खोके फोडून त्यातले तीस नग विकले, तर संगणकात खोके तसेच शिल्लक राहते आणि सुट्या मालाची शिल्लक उणे दिसू लागते. खोके फोडताना दर वेळी वेगळी नोंद करावी म्हटले, तर गर्दीत ती राहून जाते. सर्व हिशेब नगांवरच ठेवून खोक्याचा क्रमांक स्कॅन होताच शंभर नग जमा होतील, अशी रचना कोणी प्रत्यक्ष वापरली आहे काय? त्यात खरेदीचे वेगवेगळे दर कसे सांभाळता, हेही कृपया कळवावे.