स्विचची मांडणी मेनूतून करावी की कमांड लिहून?

ग्रंथालय_सेलू (प्रश्न)

नमस्कार. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा, कार्यालय आणि ग्रंथालय या तिन्ही ठिकाणच्या केबल 24 पोर्टच्या (केबल लावायच्या खाचांच्या) एका जुन्या एचपी प्रोकर्व्ह स्विचवर (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेटीवर) येतात. प्रयोगशाळेतल्या मुलांना कार्यालयाचे प्रिंटर आणि सामायिक फोल्डर दिसू नयेत, म्हणून तीन व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी जाळी) करावेत असे ठरले आहे. कन्सोल केबल (स्विच थेट संगणकाला जोडणारी केबल) लावून पुटी (स्विचला कमांड देण्याचा प्रोग्राम) उघडले की प्रॉम्प्ट मिळतो आणि तेथे ‘मेनू’ एवढेच टाइप केल्यावर क्रमांक घातलेली यादी उघडते. बहुतेक काम बाणांच्या कळांनीच होईल असे दिसते. स्विच बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाचे म्हणणे मात्र असे, की मेनूतले बदल वीज गेल्यावर टिकत नाहीत, म्हणून कमांडच लिहाव्यात. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही आणि मे महिन्यात इन्व्हर्टरही तग धरत नाही, त्यामुळे हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. शिवाय ग्रंथालयाचे 17 ते 20 हे पोर्ट व्हीलॅन 30 मध्ये घातल्यापासून तेथील इंटरनेट बंद आहे. राउटरची केबल पोर्ट 24 वर आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कन्सोल_जालना

सर, तंत्रज्ञांनी सांगितलेली गोष्ट नेमकी उलटी आहे. प्रोकर्व्हमध्ये कमांडने केलेला बदल ताबडतोब लागू होतो, पण तो चालू मांडणीतच, म्हणजे रनिंग-कॉन्फिगमध्येच राहतो. ‘राइट मेमरी’ दिल्याशिवाय तो स्टार्टअप-कॉन्फिगमध्ये, म्हणजे स्विच सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या साठवलेल्या मांडणीत, उतरत नाही आणि वीज गेली की पुसला जातो. मेनूमध्ये ‘सेव्ह’ केले की बदल दोन्हीकडे एकदमच लिहिला जातो. तेव्हा विजेच्या लपंडावात मेनूच अधिक भरवशाचा म्हणावा लागेल.

कोणते पोर्ट कोठे आहेत हे पाहायला तर मेनूसारखी सोय नाही. ‘स्विच कॉन्फिगरेशन’मधून ‘व्हीलॅन मेनू’ आणि तेथून ‘व्हीलॅन पोर्ट असाइनमेंट’ उघडा. पोर्ट उभे, व्हीलॅन आडवे, असा तक्ताच समोर येतो. खालच्या ओळीतील ‘एडिट’ निवडून हव्या त्या चौकटीवर जा, स्पेस बार दाबत राहा म्हणजे ‘नो’, ‘टॅग्ड’, ‘अनटॅग्ड’, ‘फॉरबिड’ असे पर्याय फिरत जातात (‘टॅग्ड’ म्हणजे माहितीवर व्हीलॅनच्या क्रमांकाची खूण लावून पाठवणे, ‘अनटॅग्ड’ म्हणजे खुणेशिवाय, ‘फॉरबिड’ म्हणजे त्या व्हीलॅनमध्ये मज्जाव). मग एंटर दाबून ‘सेव्ह’ करा. एखाद्या ओळीपुढे तारांकन दिसले तर तो बदल स्विच पुन्हा सुरू केल्यावरच लागू होणार, असे समजावे. व्हीलॅनची कमाल संख्या वाढवताना हे हमखास दिसते.

नांदेड_नेटवर्क

वरील उत्तर योग्य आहे. मी फक्त इंटरनेटविषयी लिहितो, कारण घोडे तिथे पेंड खाते आहे. आपण 17 ते 20 हे पोर्ट व्हीलॅन 30 मध्ये नेले, पण पोर्ट 24 बहुधा अजूनही मूळच्या डिफॉल्ट व्हीलॅनमध्येच आहे, त्यामुळे ग्रंथालयाच्या संगणकांना राउटरपर्यंत जाण्याचा मार्गच उरलेला नाही. एक पोर्ट एकाच व्हीलॅनमध्ये ‘अनटॅग्ड’ राहू शकतो. म्हणून पोर्ट 24 हा व्हीलॅन 30 मध्ये ‘टॅग्ड’ करावा लागेल आणि राउटरलाही 802.1क्यू टॅग (व्हीलॅनच्या खुणेची ठरलेली पद्धत) समजून प्रत्येक व्हीलॅनला वेगळा आयपी पत्ता व डीएचसीपी (संगणकांना आपोआप पत्ते देण्याची सोय) देता आले पाहिजे. आपला राउटर कोणता आहे?

ग्रंथालय_सेलू

राउटर इंटरनेट पुरवठादाराने जोडणीबरोबर दिलेला साधाच आहे. त्याच्या पानांवर व्हीलॅन हा शब्द फक्त बाहेरील जोडणीच्या रकान्यात दिसतो; आतल्या जाळ्यासाठी तशी सोय आढळली नाही.

नांदेड_नेटवर्क

मग व्हीलॅनचा हट्ट सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपला हेतू केवळ प्रयोगशाळा आणि कार्यालय एकमेकांना दिसू नयेत एवढाच असेल, तर सर्व पोर्ट डिफॉल्ट व्हीलॅनमध्ये परत आणून सोर्स-पोर्ट फिल्टर (एका पोर्टवरून आलेली माहिती ठरावीक पोर्टांकडे जाऊ न देणारी सोय) लावता येतो. ही सोय प्रोकर्व्हच्या बऱ्याच मॉडेलांत आहे. प्रयोगशाळा पोर्ट 1 ते 12 वर आणि कार्यालय 13 ते 16 वर आहे असे धरले, तर ‘फिल्टर सोर्स-पोर्ट 1 ड्रॉप 13-16’ अशी कमांड पोर्ट 1 साठी द्यायची आणि तीच 12 पर्यंतच्या प्रत्येक पोर्टसाठी पुन्हा द्यायची. पोर्ट 24 वगळलेला असल्याने इंटरनेट सर्वांना मिळत राहते आणि राउटरला हातही लावावा लागत नाही. मात्र हे काम कमांडने करायचे आहे, तेव्हा शेवटी ‘राइट मेमरी’ विसरून चालणार नाही. त्याआधी प्रयोगशाळेतल्या एका संगणकावरून कार्यालयाच्या प्रिंटरला पिंग करून (तो उत्तर देतो का हे तपासणारा संदेश पाठवून) पाहा. उत्तर येता कामा नये.

अंबाजोगाई_लॅब

थोडे वेगळे मत मांडतो. मेनूत ‘सेव्ह’ लगेच दोन्हीकडे लिहिले जाते, हा गुण आहे तसाच धोकाही आहे. टेलनेटवरून (जाळ्यातूनच स्विचशी जोडून) काम करत असताना आयपी पत्ता किंवा स्वतःचाच पोर्ट चुकीचा बदलला गेला, तर वीज बंद करून परत सुरू केल्यावरही जुनी मांडणी मिळत नाही. कमांडमध्ये केलेली चूक, ‘राइट मेमरी’ देण्यापूर्वी, स्विच बंद-चालू करून निस्तरता येते. म्हणून असे बदल मेनूतून करायचे असतील तर कन्सोल केबलवर बसूनच करावेत. मेनूचे आणखी एक उणे म्हणजे काय काय बदलले याची लिखित नोंद हाती राहत नाही. काम कशानेही करा, शेवटी ‘शो रनिंग-कॉन्फिग’ देऊन पडद्यावर आलेला सारा मजकूर पुटीच्या लॉगमध्ये साठवा आणि ती फाइल कार्यालयातल्या संगणकावर ठेवा.

पासवर्ड मुख्य मेनूतल्या ‘कन्सोल पासवर्ड्स’मध्ये ठेवता येतो, पण स्विचच्या दर्शनी बाजूला ‘क्लिअर’ नावाचे बटण असते आणि मूळ मांडणीत ते दाबले की पासवर्ड पुसला जातो. ‘रीसेट’बरोबर विशिष्ट पद्धतीने दाबले तर सगळी मांडणीच मूळपदावर जाते. अकरावी-बारावीची मुले आसपास असताना स्विच उघड्या टेबलावर ठेवू नये. कुलपाचा रॅक घ्यावा, फक्त त्याला हवा खेळायला जाळी असावी.